गावानं शिकवलेली पोरं

दोस्तांनो, सकाळी नऊच्या सुमारास लातूरच्या बसस्थानकावर कधी उभे राहिलात का? औसा, निलंगा, रेणापूर, चाकूर अशा पाट्यांच्या लाल गाड्या एकामागून एक आत शिरतात. माणसं उतरतात, गाठोडी उतरतात आणि त्यांच्यामागून उतरतात डबे! कुणाचा स्टीलचा, कुणाचा जर्मनचा, कुणाचा जुन्या लुगड्याच्या पिशवीत बांधलेला. पिशवीवर पेननं नाव लिहिलेलं. पोरं आधीच येऊन थांबलेली असतात. "काका, शिरूर ताजबंदची गाडी लागली का?" असं विचारत इकडून तिकडे पळतात.

हे डबे कुणाचे? शिकायला म्हणून गाव सोडून लातुरात खोली करून राहिलेल्या मुलांचे. नांदेडला गेलात तर तिथंही हाच प्रकार दिसेल. आता गल्लोगल्ली मेस झाल्यात, घरोघरी मोटारसायकली आल्यात, त्यामुळे डबे पूर्वीइतके राहिले नाहीत. पण थांबलेही नाहीत.

एका डब्याला किती हात लागतात, जरा मोजून पाहू या. आई पहाटे उठते, चुलीवर ज्वारीच्या भाकरी थापते, बाजूला शेंगदाण्याची चटणी घालते. धाकटा भाऊ सायकलवरून डबा फाट्यावर नेतो. कंडक्टरकाका तो ड्रायव्हरच्या मागं, सांडणार नाही असा ठेवतात. लातुरात उतरवून घ्यायला कधी पोरगा स्वतः येतो, कधी त्याचा प्रॅक्टिकलचा तास असतो म्हणून खोलीतला दुसरा येतो. संध्याकाळच्या गाडीनं रिकामा डबा परत जातो. मोबाइल नव्हते तेव्हा त्या रिकाम्या डब्यात चिठ्ठीही असायची : साबण संपला, वीस रुपये पाठवा, चटणी जरा कमी तिखट करा! म्हणजे डबा हेच टपाल.

परीक्षेचा निकाल लागतो तेव्हा गुणपत्रिकेवर नाव मात्र एकाचंच असतं. ड्रायव्हरचं नसतं, आईचंही नसतं (म्हणजे, आता असतं, पण तेही कोपऱ्यात, ओळख पटावी म्हणून). आज आपण या बाकीच्या माणसांबद्दल बोलू या. तुमच्यापैकी कितीतरी जण दोन-चार वर्षांत कॉलेजात जाणार आहात. कोणतं कॉलेज, कोणती शाखा, फी किती, यावर घराघरांत चर्चा चालते. तिथं तुमच्या आजूबाजूला माणसं कशी असतील, हा प्रश्न फारसा कुणी विचारत नाही. नांदेड-लातूरची गोष्ट ऐकलीत तर तो का विचारायचा, ते कळेल.

कॉलेजसाठी हैदराबाद!

तुमच्या पणजोबांच्या काळात नांदेड हा निजामाच्या हैदराबाद संस्थानातला एक जिल्हा होता आणि लातूर हा उस्मानाबाद जिल्ह्यातला एक तालुका. (लातूर जिल्हा झाला तो १९८२ साली.) औरंगाबादला इंटरपर्यंतचं कॉलेज होतं, पण त्यापुढं शिकायचं तर हैदराबाद गाठायचं. तिथलं उस्मानिया विद्यापीठ १९१८ साली सुरू झालेलं, आणि शिकवण्याची भाषा उर्दू. घरात मराठी बोलणाऱ्या पोरानं गणित, इतिहास, शास्त्र सगळं उर्दूतून शिकायचं! राहायचं कुठं? मामाकडं, आत्याकडं, नाहीतर गावच्याच कुणाच्या ओळखीनं. नातेवाईक नसलेल्यानं काय करायचं? बहुतेक वेळा त्यानं घरीच बसायचं.

१९३८ साली उस्मानियाच्या वसतिगृहांतल्या मुलांनी 'वंदे मातरम्' म्हणण्याचा हट्ट धरला. अधिकाऱ्यांनी बंदी घातली. मुलं ऐकेनात. शेकडो विद्यार्थ्यांना काढून टाकण्यात आलं. आता वर्ष वाया जाणार, घरचे ओरडणार, पुढं काय? तेव्हा शेकडो मैलांवरच्या नागपूर विद्यापीठानं त्यांच्यासाठी आपली दारं उघडली. या आंदोलनातले एक विद्यार्थी होते पी. व्ही. नरसिंह राव. ते पुढे नागपुरात शिकले आणि १९९१ साली देशाचे पंतप्रधान झाले. नागपूरनं त्या वेळी 'आमच्या नियमात बसत नाही' म्हटलं असतं तर?

१७ सप्टेंबर १९४८ रोजी हैदराबाद संस्थान भारतात सामील झालं. त्या लढ्याचे पुढारी होते स्वामी रामानंद तीर्थ. तुम्ही त्यांना भगव्या वस्त्रांत फोटोत पाहिलं असेल. पण ते मुळात शिक्षक, बरं का! हिप्परग्याच्या राष्ट्रीय शाळेत आणि पुढे मोमिनाबादला, म्हणजे आजच्या अंबाजोगाईला, त्यांनी मुलांना शिकवलं होतं. लढा संपला, तुरुंगातली माणसं घरी आली. मग त्यांनी काय केलं? दोनच वर्षांत, १९५० साली, नांदेडला कॉलेज उभं केलं. त्याचं नाव पीपल्स कॉलेज, लोकांचं कॉलेज. राजाचं नाही, सरकारचं नाही. त्याच वर्षी औरंगाबादला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या संस्थेनं कॉलेज सुरू केलं, ते पुढं मिलिंद महाविद्यालय म्हणून प्रसिद्ध झालं. ज्यांच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या पाटी आली नव्हती, अशी मुलं मराठवाड्याच्या खेड्यापाड्यांतून तिथं जाऊन राहिली, शिकली, लिहू लागली.

औरंगाबादला मराठवाडा विद्यापीठ आलं १९५८ साली. नांदेडचं स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ १९९४ साली स्थापन झालं, तेही मुद्दाम १७ सप्टेंबरला. एका शिक्षकाचं नाव त्याला मिळालं.

नापास झालेले प्राचार्य

आता एका विद्यार्थ्याची गोष्ट. नांदापूर नावाचं एक खेडं आहे, आज ते हिंगोली जिल्ह्यात येतं. तिथं १५ जुलै १९३२ रोजी नरहर कुरुंदकरांचा जन्म झाला. शिकायला ते हैदराबादला मामांकडं राहिले. मामा म्हणजे उस्मानिया विद्यापीठात मराठी शिकवणारे डॉ. ना. गो. नांदापूरकर. विचार करा, वर्गात उर्दू आणि घरात मराठीचा प्राध्यापक! मामांच्या घरी पुस्तकं होती, विद्वान माणसांची ये-जा होती, वाद होते. बाहेर हैदराबाद पेटलेलं होतं. शाळकरी वयातच नरहर त्या लढ्यात ओढले गेले.

आणि कॉलेजात? इंटरच्या परीक्षेत ते नापास झाले. एकदा नाही, पुन्हा पुन्हा! नेमलेली पुस्तकं बाजूला आणि न नेमलेली शेकडो हातात, असा कारभार. (हे वाचून उद्या आईला "कुरुंदकरसुद्धा नापास झाले होते" असं सांगाल तर आई विचारेल, "त्यांनी वाचलेली पुस्तकं तू वाचलीस का?" तेव्हा जपून!)

नांदेडनं या नापास मुलाला टाकून दिलं नाही. प्रतिभा निकेतन या शाळेत ते शिक्षक झाले. शिकवता शिकवता राहिलेल्या परीक्षा दिल्या, एम.ए. झाले, पीपल्स कॉलेजात प्राध्यापक आणि शेवटी तिथलेच प्राचार्य झाले. साहित्य, इतिहास, राजकारण, नाट्यशास्त्र, संगीत, कशावर म्हणून त्यांनी लिहिलं नाही? खेड्यातल्या ओसरीवर आणि शहरातल्या सभागृहात ते सारख्याच जिव्हाळ्यानं बोलत. १० फेब्रुवारी १९८२ रोजी ते गेले, तेव्हा त्यांचं वय पन्नासही नव्हतं.

या माणसाला शिकवलं कुणी? मामांच्या घरानं शिकवलं. चळवळीतल्या कार्यकर्त्यांनी शिकवलं. रात्री उशिरापर्यंत रंगणाऱ्या गप्पांनी शिकवलं. समोर बसून अवघड प्रश्न विचारणाऱ्या श्रोत्यांनी शिकवलं. आणि ज्या शाळेनं पदवी नसतानाही या तरुणाच्या हातात खडू दिला, तिला तर मी पहिला मान देईन. तुम्ही म्हणाल, हुशार माणूस कुठंही शिकला असता. मला तसं वाटत नाही. ओळखणारी माणसं भोवती नव्हती म्हणून विझून गेलेली हुशार मुलं तुमच्या-माझ्या गावात काय कमी आहेत?

लातूरचा पॅटर्न आणि रात्रीचे दोन

आता लातूर. इथलं राजर्षी शाहू महाविद्यालय १९७० साली सुरू झालं. पहिले प्राचार्य डॉ. जनार्दन वाघमारे, अमेरिकेतल्या कृष्णवर्णीय लेखकांच्या साहित्याचे मोठे अभ्यासक. पुढं नांदेडच्या विद्यापीठाचे पहिले कुलगुरूही तेच झाले. शाहू, दयानंद अशा महाविद्यालयांतल्या शिक्षकांनी बारावीच्या मुलांसाठी एक पद्धत बसवली. अभ्यासक्रम लवकर संपवायचा. मग चाचणीवर चाचणी. पेपर लगेच तपासायचा आणि चूक कुठं झाली ते मुलाला जवळ बसवून दाखवायचं. सुटीच्या दिवशीही तास घ्यायचे. यात जादू कसलीच नव्हती, शिक्षकांचे कष्ट होते. दुष्काळी भागातली, मराठी शाळांतली मुलं डॉक्टर-इंजिनियर होऊ लागली आणि सगळा महाराष्ट्र 'लातूर पॅटर्न'चं नाव घेऊ लागला.

मग शहरच बदललं. लातूरचा ट्यूशन एरिया पाहा, नांदेडचं श्यामनगर-भाग्यनगर पाहा. खोल्या, मेस, अभ्यासिका, झेरॉक्सची दुकानं, आणि चौकाचौकांत पहिल्या आलेल्या मुलांचे भलेमोठे फलक. त्या फलकांवर नसलेली मुलं किती असतील, हे फलकाखालून जाताना मनात येतंच.

पालकहो, इथं थोडं तुमच्याशी बोलायचं आहे. पंधरा-सोळा वर्षांचं पोर पहिल्यांदा घर सोडतं. गावच्या शाळेत ते पहिलं असायचं, इथं चाचणीत एकशे चाळिसावं येतं. रात्रीचे दोन वाजलेत, समोर पुस्तक आहे, डोक्यात काही शिरत नाही आणि "घरी काय सांगू?" हा एकच प्रश्न घोळतोय. शेत विकून किंवा कर्ज काढून फी भरलेली असेल तर तो प्रश्न आणखी जड होतो. अशा वेळी त्याला सावरतो तो बहुतेकदा शेजारच्या खाटेवरचा मुलगा. "चल, चहा पिऊन येऊ," एवढंच तो म्हणतो. तेव्हा फोनवर "मित्रांत वेळ घालवू नकोस" असं बजावण्याआधी त्या मित्राचं नाव विचारा. खोलीवर गेलात तर त्यालाही दोन धपाटे द्या. आणि फोनवर पहिला प्रश्न "किती मार्क पडले?" हा नसेल तर फार बरं. मूल जेवेनासं झालं, गप्प गप्प राहू लागलं, तर फोन ठेवून सरळ पुढची गाडी पकडा.

मुलांनो, तुम्हीही एक करा. फारच जड वाटलं तर एकट्यानं कुढू नका. सरांना, बाईंना, खोलीतल्या मित्राला, मेसच्या मावशींना, ज्यांच्याशी बोलता येईल त्यांना सांगा. असं सांगणं म्हणजे हरणं नव्हे.

एका खोलीत पाच भाषा

नांदेडच्या खोल्यांची एक मजा सांगतो. देगलूर, बिलोली, धर्माबादकडची पोरं तेलंगणाच्या शेजारची, कित्येकांच्या घरी तेलुगू. उदगीर-निलंग्याकडून आलेल्याला कानडी कळतं. किनवट-माहूरकडच्या एखाद्याची आजी गोंडी किंवा कोलामी बोलते. तांड्यावरून आलेल्याची गोरमाटी. जुन्या नांदेडातल्या मित्राची उर्दू, आणि गुरुद्वाऱ्याच्या बाजूला गेलात तर कानावर पंजाबी! गुरू गोविंदसिंगजींनी १७०८ साली याच गावात देह ठेवला, म्हणून देशभरातून यात्रेकरू येतात. तिथल्या लंगरात कुणीही जावं, पंगतीत बसावं, जेवावं. "तू कोणाचा?" असं विचारत नाहीत. १९८१ साली सुरू झालेल्या इथल्या अभियांत्रिकी महाविद्यालयालाही गुरू गोविंदसिंगजींचं नाव आहे.

सांगा बरं, अशा गावात चार वर्षं राहून जे शिकता येईल ते कुठल्या पुस्तकात आहे? पण त्यासाठी कानातल्या तारा काढाव्या लागतील. आपल्याच गावच्या, आपल्याच जातीच्या, आपल्याच वर्गातल्या पोरांबरोबर राहिलात तर गाव बदललं तरी तुम्ही आपल्याच ओसरीवर!

खोली दुसरंही शिकवते. २०१६ च्या उन्हाळ्यात लातूरला पाणी पुरवणारं मांजरा धरण कोरडं पडलं. एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं. 'जलदूत' तिचं नाव. पहिल्या खेपेला १० वाघिणी, सुमारे ५ लाख लिटर पाणी. तेव्हा लातुरात शिकणाऱ्यांना एका बादलीची किंमत कळली. आंघोळीचं पाणी कपड्यांना, कपड्यांचं फरशीला. भूगोलाच्या पेपरात 'पर्जन्यछायेचा प्रदेश' लिहिणं वेगळं आणि चौघांत एक घागर वाटून घेणं वेगळं.

गावाचंही चुकतं

आपल्यात म्हण आहे, 'गाव करी ते राव न करी'. खरी आहे. पण गाव जसं पोराला उचलून धरतं, तसंच कधी कधी त्याचा रस्ताही अडवतं. हे लपवून ठेवण्यात अर्थ नाही.

१९७८ साली विधिमंडळानं ठराव केला की मराठवाडा विद्यापीठाला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचं नाव द्यावं. ज्यांनी मराठवाड्यात कॉलेज काढलं त्यांचं नाव विद्यापीठाला, यात वावगं काय होतं? पण मराठवाड्यात दंगली उसळल्या. नांदेड जिल्ह्यातही दलितांच्या वस्त्या जाळल्या गेल्या, माणसं मारली गेली. ज्या घरांत नुकती कुठं वह्या-पुस्तकं आली होती, ती घरं जळाली. पुढं सोळा वर्षं आंदोलन चाललं, आणि १४ जानेवारी १९९४ रोजी 'डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठ' असा नामविस्तार झाला. त्याच वर्षी नांदेडचं विद्यापीठ आलं, हे विसरू नका. तुमच्या पदवीच्या कागदावरच्या नावामागं हा सगळा इतिहास आहे.

आणि मुली? "शिकून काय कलेक्टर होणार आहे?" हे वाक्य तुमच्यापैकी कितीजणींनी ऐकलंय? दहावी झाली की स्थळं बघायला सुरुवात. एसटीत गावाकडच्या शाळकरी मुलींना बारावीपर्यंत मोफत पास मिळतो. पण पास असून भागत नाही, संध्याकाळची गाडी चुकली तर काय, हा घरच्यांचा धाक असतोच. अशा वेळी एकाच गावच्या चार मुलींनी मिळून जायचं ठरवलं तर चारही घरं लवकर तयार होतात. गावातली पहिली मुलगी कॉलेजात जाते तेव्हा तिच्यावर सगळ्या गावाचे डोळे असतात, आणि दुसरीची वाट तिनं सोपी केलेली असते. पहिलीला याचे कष्ट फार पडतात, तेवढं मात्र तिला कुणी विचारत नाही.

भाड्यानं खोली देताना आडनाव विचारणारी माणसंही अजून भेटतात. तुमच्या मित्राला अशी कुणी खोली नाकारली तर तुम्ही काय कराल? त्याच घरात राहाल की त्याच्याबरोबर दुसरी खोली शोधाल? असा प्रश्नही कॉलेजच्या दिवसांतच येतो. त्याला पर्याय अ, ब, क, ड नसतात.

किल्लारीनंतर

३० सप्टेंबर १९९३. गणपती विसर्जनाची रात्र सरत होती. पहाटे चारला काही मिनिटं असताना जमीन हादरली. लातूर जिल्ह्यातलं किल्लारी, उस्मानाबाद जिल्ह्यातलं सास्तूर आणि भोवतालची गावं दगडमातीच्या ढिगाऱ्यात गेली. सुमारे दहा हजार माणसं दगावली. ढिगारे उपसायला, जखमींना उचलायला, जेवण वाटायला आलेल्या लोकांत कॉलेजातली मुलं होती.

मागं राहिलेल्या पोरांचं काय? भारतीय जैन संघटनेनं, शांतिलाल मुथ्था यांच्या पुढाकारानं, भूकंपग्रस्त भागातली सुमारे १२०० मुलं शिक्षणासाठी पुण्याला नेली. त्यांच्यासाठी पुढं वाघोलीला शाळा आणि वसतिगृह झालं. ही मुलं तिथं वाढली, शिकली. रक्ताचं नातं नाही, गाव एक नाही, तरी कुणीतरी म्हणालं, ही मुलं आमची.

कॉलेजात गेलात की राष्ट्रीय सेवा योजनेचं नाव कानावर येईल. ती १९६९ साली सुरू झाली. वर्षातून एकदा सात दिवसांचं शिबिर एखाद्या खेड्यात असतं. बरीच पोरं दहा गुणांसाठी किंवा सर्टिफिकेटसाठी नाव घालतात, त्यात काही बिघडत नाही. पण शेततळ्याचा गाळ काढताना, आजींशी गप्पा मारताना कान उघडे ठेवा. तुमचा डबा ज्या गावांतून येतो तसंच ते एक गाव असतं.

आता एक उद्योग देतो. दिवाळीच्या सुटीत गावी जाल तेव्हा करा. तुमच्या गावातून कॉलेजात गेलेला पहिला माणूस किंवा पहिली बाई कोण, ते शोधून काढा. जिवंत असतील तर भेटा. नसतील तर त्यांच्या घरच्यांना गाठा. विचारा : शिकायला कुठं गेलात? राहिलात कुणाकडं? जेवण कुठून यायचं? फी कुणी भरली? कंदिलाला तेल कुणी दिलं? नको जाऊ म्हणून कोण म्हणालं आणि जाच म्हणून कोण म्हणालं? जी नावं सांगतील ती सगळी वहीत उतरवून घ्या. आडनाव आठवत नसेल तर "फाट्यावरचे टेलर" एवढं लिहिलं तरी चालेल. एका पानात मावली नाहीत तर पान उलटा.